मानमोडी म्हणजे प्लेग नव्हे

साताऱ्यात जुन्या साथींचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "मानमोडी म्हणजे प्लेगच की!" नाही हो. प्लेग 1896 चा, उंदीर-पिसवांचा. नायगावच्या सावित्रीबाई 1897 मध्ये गेल्या त्या प्लेगने. मानमोडी आली 1918 ला, तो इन्फ्लुएंझा.

घोळाचं मूळ नोंदीत आहे. गावपातळीवर मृत्यूचं कारण डॉक्टर ठरवत नसे, त्यामुळे मानमोडीचे बहुतेक मृत्यू नुसत्या 'ताप' या सदरात गेले. मानमोडीच्या बळींचा सरकारचा सुरुवातीचा देशभराचा अंदाज 60 लाखांचा. 1921 च्या जनगणनेत माणसंच कमी भरली, तेव्हा आकडा सव्वा कोटीच्या आसपास गेला. नंतरच्या काही अभ्यासकांनी तोही कमीच ठरवला.