वंशभेदजन्य ताण आणि कृष्णवर्णीय मातांचे आरोग्य

अमेरिकेत २०२३ साली दर एक लाख जिवंत जन्मांमागे ५०.३ कृष्णवर्णीय माता दगावल्या. गोऱ्या मातांत हे प्रमाण १४.५ होते. गरिबी आणि अपुरे शिक्षण ही याची नेहमी सांगितली जाणारी कारणे पुरेशी नाहीत. २००७ ते २०१६ या काळातील नोंदींनुसार पदवीधर कृष्णवर्णीय स्त्रियांचा गर्भारपणाशी निगडित मृत्युदर पदवीधर गोऱ्या स्त्रियांच्या पाचपटींहून अधिक होता आणि शालेय शिक्षणही पूर्ण न झालेल्या गोऱ्या स्त्रियांपेक्षाही तो जास्तच होता.

अशा तफावतीचे मूळ आनुवंशिकतेत असावे, ही शंका डॉक्टर रिचर्ड डेव्हिड आणि जेम्स कॉलिन्स यांनी १९९७ साली बाळांच्या जन्मवेळच्या वजनावरून तपासली. इलिनॉय राज्यातील जन्मनोंदींत अमेरिकेत जन्मलेल्या गोऱ्या मातांच्या बाळांचे सरासरी वजन ३,४४६ ग्रॅम, आफ्रिकेतून आलेल्या कृष्णवर्णीय मातांच्या बाळांचे ३,३३३ ग्रॅम, तर अमेरिकेतच जन्मलेल्या कृष्णवर्णीय मातांच्या बाळांचे अवघे ३,०८९ ग्रॅम भरले. दोष वंशाच्या रक्तात असता, तर आफ्रिकेतून आलेल्या मातांची बाळे सर्वांत हलकी असायला हवी होती. स्थलांतरित स्त्रियांच्या अमेरिकेत वाढलेल्या मुलींना झालेल्या बाळांचे वजन पुढे घटलेले आढळले, ही बाब तर अधिकच अस्वस्थ करणारी आहे.

सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक आर्लीन जेरोनिमस यांनी १९९२ साली मांडलेल्या ‘वेदरिंग’ (झीज) गृहीतकाने या कोड्याला दिशा दिली. गोऱ्यांमध्ये विशीतल्या मातांची बाळे किशोरवयीन मातांच्या बाळांपेक्षा अधिक जगत, कृष्णवर्णीयांमध्ये मात्र नेमके उलटे दिसे. कारण घर, नोकरी, पोलीस, दुकान अशा प्रत्येक ठिकाणी वर्षानुवर्षे सोसलेल्या भेदभावाने शरीर वयाआधीच झिजते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. सततच्या सावधपणामुळे ताणाची संप्रेरके वारंवार स्रवतात, रक्तदाब व दाह वाढतो आणि गर्भारपणातील उच्च रक्तदाब, अपुऱ्या दिवसांची प्रसूती व कमी वजनाचे बाळ यांचा धोका बळावतो.

रुग्णालयात या झिजेवर उपेक्षेची भर पडते. टेनिसपटू सेरेना विल्यम्स यांनी २०१७ साली प्रसूतीनंतर धाप लागताच आपल्याला रक्ताच्या गुठळ्यांचा पूर्वेतिहास असल्याचे सांगून सीटी स्कॅन मागितला. तरी आधी पायांचीच सोनोग्राफी झाली आणि नंतरच्या स्कॅनमध्ये फुप्फुसांत गुठळ्या आढळल्या. कॅलिफोर्नियाने २०१९ साली प्रसूतिसेवेतील कर्मचाऱ्यांना नकळत होणाऱ्या पक्षपाताविषयी प्रशिक्षण कायद्याने बंधनकारक केले. हा उपाय आवश्यक असला, तरी तो स्त्री प्रसूतिकक्षात आल्यानंतरचा आहे. तिच्या प्रकृतीवर तोवर झालेला परिणाम त्याने भरून निघत नाही.