ईसीएम गाडीत आला धुरामुळे, बिघडतो बहुतेक बाहेरच्या कारणांनी

गॅरेजमध्ये ज्याला ईसीएम (इंजिन कंट्रोल मॉड्यूल) म्हणतात, तो इंजिनाचे इंधन आणि स्पार्क सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा गाडीत आला तो प्रामुख्याने धुराच्या कायद्यांमुळे. बॉशने 1967 साली फोक्सवॅगन 1600 ला डी-जेट्रॉनिक हे इलेक्ट्रॉनिक इंधन-इंजेक्शन बसवले. 'डी' म्हणजे 'ड्रुक', जर्मनमध्ये दाब. मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतला) दाब मोजून इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा, एवढेच ते अ‍ॅनालॉग सर्किट ठरवी. 1979 मध्ये बीएमडब्ल्यू 732आयच्या मोट्रॉनिकने इंधन आणि स्पार्कची वेळ एकाच डिजिटल डब्यात आणली.

पुढचा रेटा सायलेन्सरच्या वाटेवर विषारी धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा. एक किलो पेट्रोलला 14.7 किलो हवा, या प्रमाणाच्या अगदी जवळ राहिले तरच थ्री-वे कन्व्हर्टर नीट चालतो. कार्ब्युरेटरला ते सतत सांभाळता येत नाही. ऑक्सिजन सेन्सरचा सिग्नल पाहून इंधन क्षणोक्षणी कमी-जास्त करणारा ईसीएम मात्र ते करतो.

आपल्याकडे 1995 पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर आणि शिसेविरहित पेट्रोल सक्तीचे झाले, कारण शिशाने कन्व्हर्टर मरतो. 1999 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने दिल्ली परिसरात आधी युरो-1 आणि 1 एप्रिल 2000 पासून युरो-2 हे धुराचे नियम आले, आणि एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) मोटारी सर्वत्र दिसू लागल्या. दुचाकीत बजाजने 2007 मध्ये पल्सर 220 ला इंजेक्शन दिले खरे, पण ते घरोघरी पोचले ते 1 एप्रिल 2020 च्या बीएस-6 (भारत स्टेज-6) या धुराच्या नियमांमुळे.

दुरुस्तीत पहिली चूक होते ती इथे: स्कॅनरवर बिघाडाचा कोड दिसला की डबाच दोषी धरला जातो. आधी अर्थिंग तपासा. इंजिन चालू, हेडलाइट लावलेले, मीटरचा एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरा ईसीएमच्या अर्थिंगच्या पिनला. 0.1 व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थिंगचा गंजलेला बोल्ट घासून घट्ट करा. एकदम तीन-चार सेन्सरचे कोड आले तर ईसीएमकडून सेन्सरना जाणारी 5 व्होल्टची सप्लाय पाहा. ती पडली असेल तर एकेक सेन्सरचे कपलर काढत जा. ज्याचे काढताच 5 व्होल्ट परत येतात, तो सेन्सर किंवा त्याची वायर शॉर्ट आहे. पोर्ट इंजेक्टरची कॉइल साधारण 12 ते 16 ओहम दाखवते. शॉर्ट कॉइलने ईसीएममधला ड्रायव्हर, म्हणजे इंजेक्टर चालवणारा ट्रान्झिस्टर, जळतो, म्हणून ती न तपासता बसवलेला नवा ईसीएमही जळतो.

डबा खरोखर मरतो तो उलट्या जंप-स्टार्टने, चालू इंजिनची बॅटरी काढल्याने (अल्टरनेटरचा व्होल्टेज उसळतो), बॅटरी न सोडवता केलेल्या वेल्डिंगने आणि पाण्याने. पुरात बुडालेल्या गाडीची चावी फिरवू नये. विजेचा प्रवाह आणि ओल एकत्र आले की तांब्याचे ट्रॅक हिरवे पडून खाल्ले जातात. आधी बॅटरी सोडवा, मग बोर्ड काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन वाळवा. दुचाकींचे बरेच डबे राळेत गाडलेले असतात, ते उघडायच्या भानगडीत न पडता बदललेलेच बरे.

बदलताना इमोबिलायझर, म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय इंजिन चालू न होऊ देणारी चोरीरोधक यंत्रणा, विसरू नका. चावीची ओळख जुन्या बोर्डावरच्या ईईप्रॉम या मेमरी चिपमध्ये असते. तो डेटा वाचून नव्यात लिहिला नाही, किंवा स्कॅनरने नवी जुळणी केली नाही, तर स्टार्टर फिरेल, पण इंजिन धरणार नाही.