छळछावणी आणि मृत्युछावणी : वर्गात शिकवताना या दोन्ही एक करू नका

नववी-दहावीला हिटलरचा धडा आला की होलोकॉस्टबद्दल बहुतेक ठिकाणी एकच वाक्य सांगितलं जातं, ज्यूंना पकडून छळछावण्यांमध्ये डांबलं आणि तिथे गॅस चेंबरमध्ये मारलं. मुलं लिहून घेतात, पेपरात मार्कही मिळतात, पण डाखाऊ, आउशवित्झ, ट्रेब्लिंका ही सगळी नावं त्यांच्या डोक्यात एकाच प्रकारच्या जागेची होऊन बसतात. शिक्षकांना माझं कळकळीचं सांगणं आहे की तास कमी असतील तर बाकी काही गाळा, पण हा गुंता सोडवून शिकवा.

छळछावणी आधी आली. म्युनिकजवळची डाखाऊ मार्च १९३३ मध्ये उघडली, हिटलर सत्तेवर येऊन दोन महिनेसुद्धा झाले नव्हते. पहिले कैदी मुख्यतः राजकीय विरोधक होते, कम्युनिस्ट, सोशल डेमोक्रॅट, कामगार संघटनांचे लोक. नंतर ज्यू, रोमा (जिप्सी), समलिंगी पुरुष, पाद्री असे बरेच जण आत गेले. इथे कैद्याला नंबर मिळायचा, कपड्यांवर रंगीत त्रिकोण लागायचा, बराकीत कोंबून मरेस्तोवर राबवून घ्यायचे, आणि उपासमार, मारहाण, टायफस यांनी माणसं हजारोंनी मरायची. डाखाऊत बारा वर्षांत २ लाखांहून जास्त कैदी आले, किमान ४१,५०० मेले. पण एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगा, की युद्धाआधी इथून सुटकाही व्हायची. नोव्हेंबर १९३८ च्या ज्यूंविरुद्धच्या दंगलींनंतर जवळपास ३० हजार ज्यू पुरुषांना डाखाऊ, बुखेनवाल्ड, साक्सेनहाउझेनमध्ये टाकलं होतं, त्यातल्या बऱ्याच जणांना जर्मनी सोडून जाण्याच्या अटीवर सोडलं.

मृत्युछावणीत हा प्रश्नच नव्हता. चेल्मनो, बेल्झेक, सोबिबोर, ट्रेब्लिंका या चार जागा फक्त माणसं मारायला होत्या, चारही नाझींच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये, आणि पहिली चेल्मनो डिसेंबर १९४१ मध्ये सुरू झाली. ट्रेब्लिंका नीट समजावून सांगा. साधारण ४०० बाय ६०० मीटरची जागा, म्हणजे साठेक एकर. जुलै १९४२ पासून वॉर्साकडून ट्रेन येऊ लागल्या, डबे थोडे थोडे करून आत ढकलायचे, पुढे तर तिथे खोटं रेल्वे स्टेशन उभं केलं, रंगवलेल्या घड्याळासकट. उतरलेल्यांना सांगायचे की आंघोळ करून पुढे जायचंय, कपडे काढायला लावायचे आणि तारांच्या कुंपणामधल्या अरुंद वाटेने गॅस चेंबरकडे पळवायचे, तिथे दारं लावून इंजिनाचा धूर आत सोडायचे. आलेली बहुतेक माणसं दोन-तीन तासांत मेलेली असायची, त्यांना ना नंबर ना बराक. वर्ष-सव्वा वर्षात तिथे ८ ते ९ लाख माणसं मारली गेली आणि युद्धानंतर जिवंत राहिलेले शंभरसुद्धा नव्हते, तेही ज्यांना प्रेतं ओढायला, कपडे निवडायला तात्पुरतं ठेवलं होतं आणि ऑगस्ट १९४३ च्या उठावात जे पळू शकले, मुख्यतः त्यांच्यातले.

घोटाळा होतो तो बराचसा फोटोंमुळे. आपण स्लाइडवर जे हाडांचे सापळे झालेले कैदी दाखवतो ते बऱ्याचदा बुखेनवाल्ड, डाखाऊ किंवा बेर्गेन-बेल्सेनचे असतात, एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकन आणि ब्रिटिश सैन्य पोचल्यावर काढलेले. ट्रेब्लिंका तर नाझींनी १९४३ मध्येच पाडून टाकली, जमीन नांगरली, वर शेतघर बांधलं, मग फोटो कशाचा मिळणार? म्हणून फोटो दाखवाल तेव्हा जागा आणि महिना सांगाच.

आउशवित्झने गोंधळ अजून वाढतो कारण तिथे दोन्ही होतं. १९४० मध्ये ती मुख्यतः पोलिश कैद्यांची छळछावणी म्हणून सुरू झाली, नंतर शेजारी बिर्केनाऊ उभी राहिली आणि तिथे गॅस चेंबर आले. ट्रेनमधून उतरल्यावर निवड व्हायची, राबू शकणारे एका बाजूला, म्हातारे, लहान मुलं आणि मुलांच्या आया बहुतेक थेट गॅसकडे. हातावर नंबर गोंदायचे ते फक्त आउशवित्झमध्येच आणि ज्यांना जगू दिलं त्यांच्याच. तिथे सुमारे ११ लाख माणसं मेली, त्यातले १० लाखांच्या आसपास ज्यू. माय्दानेकही अशीच दुहेरी. डायरी लिहिणारी ज्यू मुलगी ॲन फ्रँक सप्टेंबर १९४४ मध्ये आउशवित्झला पोचली, निवडीतून वाचली, पण वारली बेर्गेन-बेल्सेनला, तिथे गॅस चेंबर नव्हतंच, आजारपणाने आणि उपासमारीने गेली. तिची गोष्ट मुलांना माहीत असते, तिच्यावरून फरक पटकन लक्षात येतो.

कोल्हापूरकडच्या वर्गात वळिवड्याच्या पोलिश कॅम्पचा विषय निघेल, तो यातला कुठलाच नाही. तिथे १९४३ ते १९४८ राहिलेले सुमारे ५ हजार निर्वासित बहुतेक स्टालिनने सायबेरिया-कझाकस्तानकडे हाकललेल्या कुटुंबांतले होते, त्यांना इथे आसरा मिळाला होता.

वर्गात फरक पक्का करायला एकच प्रश्न विचारायला लावा : ट्रेनमधून उतरलेला माणूस दुसऱ्या दिवशी कुठे असणार होता? नाटक करून घेऊ नका, मुलांना कैदी किंवा पहारेकरी बनवू नका, त्यातून काही कळत नाही. त्यापेक्षा नकाशा घ्या, छळछावण्या एका रंगात, मृत्युछावण्या दुसऱ्या रंगात, आउशवित्झ आणि माय्दानेक दोन्ही रंगांत. मग तिसरा रंग घेऊन कीव्हजवळ बाबी यारची खूण करा, २९-३० सप्टेंबर १९४१, दोन दिवसांत नाझींनी ३३,७७१ ज्यूंना तिथल्या घळीत नेऊन गोळ्या घातल्या, तिथे छावणी नव्हती आणि ट्रेनही नव्हती.