स्क्रीन बर्न-इन (स्मार्टफोन)

स्मार्टफोनच्या पडद्यावर एकच आकृती दीर्घकाळ स्थिर राहिल्याने तिची पुसट छाप कायमची उमटण्याचा दोष. जुन्या सीआरटी (काचेच्या चित्रनळीच्या) व प्लाझ्मा टीव्हीच्या पडद्यांतही तो आढळे. स्मार्टफोनमध्ये तो मुख्यतः ओएलईडी (अॅमोलेड) पडद्यांचा आहे.

एलसीडी या दुसऱ्या प्रकारच्या पडद्यात मागच्या दिव्याचा उजेड सर्व बिंदूंना (पिक्सेलना) मिळतो. ओएलईडीत प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाशतो आणि वापरानुसार मंदावतो. घड्याळ, बॅटरीचे चिन्ह, कीबोर्ड यांच्या जागचे बिंदू शेजाऱ्यांपेक्षा जास्त राबतात आणि आधी निस्तेज होतात. थोडक्यात, छाप म्हणजे झिजेतला फरक. एलसीडीवर काही वेळ राहणारी सावली वेगळी. ती बहुधा आपोआप जाते.

ओएलईडी पडद्यांची व्यवहार्य सुरुवात सामान्यतः चिंग तांग व स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांच्या ईस्टमन कोडॅकमधील १९८७ च्या कामापासून मानतात. तेव्हापासून निळा रंग ही या तंत्राची दुखरी बाजू राहिली आहे. काही विवेचनांत झिजेचे कारण म्हणून भर उष्णता व झिरपणाऱ्या ओलाव्यावर दिला जातो; मात्र हवाबंद पडद्यातही निळा मंदावतो, तेव्हा रेणूंमधील कारण अधिक पटते. निळ्या प्रकाशकणाची ऊर्जा लाल-हिरव्याहून जास्त असते. दोन उत्तेजित अवस्था (ऊर्जा मिळून प्रकाशण्याच्या बेतात असलेले रेणू) एकमेकींवर आदळल्या की ऊर्जेची बेरीज होते, ती रासायनिक बंध तोडण्याइतकी ठरते आणि तुटलेला रेणू पुन्हा प्रकाशत नाही. म्हणून अनेक पडद्यांत बिंदूतल्या लाल, हिरव्या, निळ्या उपबिंदूंपैकी निळ्याचे क्षेत्रफळ मोठे ठेवतात. त्यामुळे प्रति क्षेत्र प्रवाह कमी लागतो. निळा ओसरला की पांढऱ्या भागावर पिवळसर झाक दिसते.

कोकण किनाऱ्यावर या दोषाला पोषक वापर सहज घडतो. मुंबई–गोवा महामार्गावरील पर्यटक गाड्यांत फोन काचेमागे अडकवलेला असतो. नकाशा तासन्‌तास उघडा, ऊन थेट पडद्यावर, त्यामुळे आपोआप वाढलेली प्रखरता आणि तापलेला फोन. मिरकरवाडा किंवा हर्णैहून निघालेल्या होडीवरही उन्हात दिसावे म्हणून प्रखरता पूर्ण ठेवतात. पडद्याचे आयुष्य प्रखरतेच्या व्यस्त प्रमाणाहूनही वेगाने घटते, म्हणून प्रखरता निम्मी केली तर दुपटीहून अधिक लाभ होतो. विश्रांतीने मात्र झीज भरून येत नाही : १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत फोन घरी राहिला तरी छाप तशीच राहते.

पावसाळ्यात एक गल्लत होते. तडा गेलेल्या काठातून हवा-ओलावा शिरून पसरत जाणारा काळा किंवा जांभळट डाग म्हणजे बर्न-इन नव्हे. ओळखण्यासाठी अंधारात पडदाभर सपाट करडे चित्र लावावे. बर्न-इन असेल तर वरची पट्टी किंवा कीबोर्डच्या चौकटी आखल्यासारख्या दिसतात.

प्रतिबंधासाठी प्रखरता माफक ठेवणे, पडदा लवकर बंद होऊ देणे, गडद थीम वापरणे आणि खालच्या बटणांऐवजी बोटाच्या खुणांनी फोन चालवणे हे उपाय आहेत. सतत दिसणारे घड्याळ बहुतेक फोन स्वतःच थोडे सरकवत राहतात. प्रवासात पुढचे वळण दूर असेल तर पडदा बंद करून आवाजी सूचना ऐकाव्यात. गाडीत हा सर्वांत उपयुक्त उपाय. रंग झपाट्याने बदलून छाप काढण्याचा दावा करणारी ॲप तात्पुरत्या सावलीला लागू पडतील; खऱ्या छापेत ती उरलेले बिंदूही झिजवतात. छाप खटकू लागली तर पडदा बदलणे एवढाच मार्ग राहतो.