चष्मा घातला, पण चार्जरचा दिवा तसाच दिसला

माझा धाकटा भाऊ रंगांधळा आहे हे आम्हाला तो नववीत असताना कळलं, तोपर्यंत घरात सगळ्यांची समजूत अशी की याला रंगांची नावंच पाठ होत नाहीत. लहानपणी चित्रात झाडाचं खोड हिरवं आणि पानं चॉकलेटी रंगवायचा, त्यावरून ओरडा खायचा, मग हळूहळू खडूच्या कागदावरचं नाव वाचून रंग उचलायला शिकला आणि कुणाला काही सांगायचं बंदच केलं. आमच्याकडे कॅमेऱ्याच्या बॅटरीचा एक जुना चार्जर होता, त्यावर तांदळाच्या दाण्याएवढा दिवा, चार्जिंग चालू असलं की लाल आणि बॅटरी भरली की हिरवा. त्याला दोन्ही वेळा तो दिवा सेमच दिसायचा. त्यामुळे आतल्या खोलीतून वर्षानुवर्षं ठरलेली हाक यायची, "ताई, हिरवा झाला का गं?"

रंगांधळ्यांसाठीच्या चष्म्याचे ते व्हिडिओ तुम्हीही बघितले असतील. कुणीतरी बॉक्स हातात देतं, आतून गडद चष्मा निघतो, तो माणूस घालतो, समोरची फुलं किंवा फुगे बघतो आणि एकदम तोंडावर हात, डोळ्यात पाणी, घरचे मागे रडतायत. मीही रडले आहे असे व्हिडिओ बघून, आणि म्हणूनच भावासाठी असा चष्मा मागवला. त्याला घातल्यावर काय झालं ते सांगते, पण त्याआधी डोळ्यात काय चालतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही.

डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, साधारण ६० लाख शंकूपेशी असतात आणि त्या तीन जातीच्या. एक जात ४२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या (म्हणजे प्रकाशाच्या लाटेच्या लांबीच्या, ती रंगागणिक वेगळी असते) आसपासच्या प्रकाशाला सगळ्यात जास्त प्रतिसाद देते, दुसरी ५३० च्या आणि तिसरी ५६० च्या. सोयीसाठी आपण त्यांना निळी, हिरवी, लाल म्हणतो. आता गंमत अशी की यातली एकही पेशी एकटीने रंग सांगू शकत नाही. ती फक्त एवढंच कळवते की माझ्यावर प्रकाश किती पडला, कमी की जास्त. रंग तयार होतो तो तुलनेतून, लाल पेशी किती बोलली आणि हिरवी किती बोलली यातला फरक पुढची यंत्रणा काढते आणि त्या फरकाला आपण लाल, पोपटी, केशरी अशी नावं देतो. म्हणजे रंग हा बेरजेचा नाही, वजाबाकीचा खेळ आहे.

आणि आकडे परत एकदा बघा. निळी ४२० ला, पण हिरवी आणि लाल ५३० आणि ५६० ला, फक्त ३० चं अंतर! या दोघींची जनुकं एक्स गुणसूत्रावर अगदी शेजारी-शेजारी असतात आणि त्यांच्यापासून बनणारी प्रथिनं, म्हणजे पेशीतली प्रकाश टिपणारी रंगद्रव्यं, जवळपास ९६ टक्के सारखी आहेत. इतकी सारखी वाक्यं एकाखाली एक असली की उतरवून घेताना ओळ चुकते ना, तसंच इथे बीजपेशी तयार होताना होतं, कधी एक जनुक गळून जातं, कधी अर्धं याचं अर्धं त्याचं असं मिश्र जनुक तयार होतं. बाईकडे एक्सच्या दोन प्रती असल्यामुळे एक बिघडली तरी दुसरी सांभाळून घेते, पुरुषाकडे एकच, त्यामुळे उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांमध्ये हे प्रमाण सुमारे ८ टक्के आणि बायकांमध्ये जेमतेम अर्धा टक्का आहे. इतर लोकसमूहांमध्ये प्रमाण थोडं कमी आहे पण पद्धत हीच. आमच्या घरात हे आईच्या वडिलांकडून आलं, आजोबांना होतं, आईला काहीच त्रास नाही, आणि भावाला परत. माझ्याकडेही ती बिघडलेली प्रत असण्याची शक्यता निम्मी-निम्मी आहे.

रंगांधळा म्हटलं की लोकांना वाटतं याला ब्लॅक अँड व्हाइट दिसतं. तसं अजिबात नाही. पूर्ण रंगहीन दिसणं हा वेगळाच आणि फार दुर्मिळ प्रकार आहे, साधारण ३०,००० मध्ये एक. (पॅसिफिकमधल्या पिंगेलॅप बेटावर मात्र असे लोक खूप जास्त आहेत, कारण अठराव्या शतकात तिथे मोठं चक्रीवादळ आलं, मोजकी माणसं वाचली आणि त्यातल्या एकाकडून हे जनुक पुढे सगळीकडे गेलं.) सगळ्यात कॉमन प्रकार भावासारखा, वर म्हटलेल्या ८ टक्क्यांतले जवळपास ५ टक्के याच गटातले. यात तीनही जातीच्या पेशी असतात, पण हिरवी पेशी सरकून लाल पेशीच्या अगदी जवळ गेलेली असते. जिथे ३० नॅनोमीटरचं अंतर हवं तिथे मोजक्या नॅनोमीटरचं उरतं, दोघी जवळजवळ एकच बोलतात, आणि वजाबाकी केली की हाताला फार काही लागत नाही. म्हणून निळा-पिवळा त्याला झकास दिसतो, पण गडद हिरवा आणि चॉकलेटी, फिकट गुलाबी आणि राखाडी, जांभळा आणि निळा, या जोड्या एकमेकांत मिसळतात.

या विषयाचा पहिला मोठा शोधनिबंध लिहिला तोही स्वतः रंगांधळ्या माणसानेच, जॉन डाल्टनने, अणुसिद्धान्तवाला तोच डाल्टन. १७९२ मध्ये त्याच्या लक्षात आलं की जिरेनियमचं जे फूल सगळ्यांना गुलाबी दिसतं ते त्याला दिवसा आकाशी दिसतंय आणि रात्री मेणबत्तीच्या उजेडात लालसर. त्याने बाकीच्यांना विचारलं, कुणालाच असा बदल दिसेना, फक्त त्याच्या भावाला दिसला. लॉरेलच्या झाडाचं पान आणि पत्रावर सील करायची लाल लाख हे दोन्ही आपल्याला मिळतेजुळते दिसतात असं त्याने लिहून ठेवलंय. १७९४ मध्ये मँचेस्टरमध्ये हे सगळं वाचून दाखवलं आणि कारण असं सुचवलं की आपल्या डोळ्यातला पारदर्शक द्रव निळसर असावा आणि तो लाल प्रकाश शोषून घेत असावा. एवढंच नाही, मेल्यावर माझे डोळे कापून बघा असंही सांगून ठेवलं. १८४४ मध्ये तो गेला, डॉक्टरांनी एका डोळ्यातला द्रव काढून बघितला, स्वच्छ होता, दुसऱ्या डोळ्याला मागून भोक पाडून त्यातून लाल-हिरव्या वस्तू बघितल्या, सगळं व्यवस्थित वेगवेगळं दिसलं. म्हणजे अंदाज चुकला. पण डोळ्याचे अवशेष जपून ठेवले होते आणि दीडशे वर्षांनी, १९९५ मध्ये, त्यातून डीएनए काढून तपासला तेव्हा कळलं की त्याच्याकडे हिरव्या पेशीचं रंगद्रव्यच नव्हतं. स्वतःच्या डोळ्याबद्दल इतक्या प्रामाणिकपणे उत्सुक असलेला माणूस मला दुसरा माहीत नाही.

आता चष्मा. तो मुळात रंगांधळ्यांसाठी बनलाच नव्हता. डॉन मॅकफर्सन नावाचे अमेरिकन काच-शास्त्रज्ञ लेसर सर्जरी करणाऱ्या डॉक्टरांच्या डोळ्यांना संरक्षण म्हणून खास काचा बनवत होते. या काचांतून जग छान रसरशीत दिसतं म्हणून ते स्वतः गॉगलसारख्या वापरायचे. २००५ च्या सुमारास कॅलिफोर्नियात सांताक्रूझला फ्रिस्बीचा खेळ चालू असताना एका रंगांधळ्या मित्राने तो गॉगल मागून घातला आणि गवतावर खुणेसाठी ठेवलेले केशरी शंकू आपल्याला दिसतायत म्हणून चकित झाला. शंकू तिथे आधीपासून होते, फक्त गवतात हरवत होते. त्यातून पुढे २०१० मध्ये बर्कलीला एनक्रोमा ही कंपनी निघाली आणि मग इतरही कंपन्या आल्या.

काच करते काय? समजा दोन मुलांनी एकाच गाइडमधून उत्तरं उतरवली आहेत, ऐंशी टक्के ओळी सेम, त्यामुळे दोन्ही पेपर एकाच मुलाचे वाटतात. आता सारख्या ओळींवर पट्टी ठेवून झाकून टाका, उरलेलं वाचलं की लगेच कळतं की मुलं दोन आहेत. काच हीच पट्टी ठेवते. हिरवा आणि लाल यांच्या मधला जो पिवळसर प्रकाशाचा भाग दोन्ही पेशींना जवळजवळ सारखंच चेतवतो, तो बराचसा ती अडवते, आणि उरलेल्या प्रकाशात दोघींचा फरक जास्त उठून दिसतो. पानांमधलं लाल फूल म्हणून पुढे येतं.

पण यातच चष्म्याच्या मर्यादाही आहेत आणि त्या व्हिडिओत कुणी सांगत नाही. डाल्टनसारखी एक जातच नसेल तर तुलना करायला दुसरी बाजूच नाही, तिथे कितीही पट्ट्या ठेवल्या तरी गेलेला पेपर परत येत नाही. दुसरं म्हणजे काच प्रकाश फक्त कमी करू शकते, नवीन काही घालू शकत नाही, त्यामुळे काही जोड्या वेगळ्या होतात तशा आधी वेगळ्या दिसणाऱ्या काही जोड्या जवळही येतात. स्पेनमधल्या ग्रानाडा विद्यापीठाने ४८ लोकांवर तपासून २०१८ मध्ये हेच सांगितलं, की रंग वेगळे भासतात पण रंगदृष्टी नॉर्मल होत नाही. ठिपक्यांमधला आकडा ओळखायची जी इशिहारा टेस्ट असते, १९१७ ची, ती चष्मा घालून कुणाला थोडी बरी जमली तरी त्याचा अर्थ दोष गेला असा होत नाही. तेव्हा 'पहिल्यांदा सगळे रंग दिसले' हे वाक्य खरं नाही. ज्यांना फायदा होतो त्यांना काही रंगांमधला फरक पहिल्यांदा ठळक दिसतो, आणि माझ्या मते तीही काही लहान गोष्ट नाही.

आता आमच्याकडचं. त्याने चष्मा घातला तेव्हा मी मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून समोर उभी. तो इकडे बघतोय, तिकडे बघतोय, मग माझ्याकडे बघून "छान आहे" म्हणाला, आणि ज्या आवाजात म्हणाला त्यावरून मला कळलं की बिचारा माझ्यासाठी म्हणतोय. मला इतकं वाईट वाटलं, आपण भेट दिली की परीक्षा घेतली! मोबाईल खाली ठेवला. तर म्हणाला एक मिनिट, आणि सरळ चार्जरपाशी गेला. बॅटरी लावली, लाल दिवा बघितला, भरलेली बॅटरी लावली, हिरवा बघितला, चष्मा काढून बघितला, परत घालून बघितला. दोन्ही सेमच, फक्त चष्म्यातून जरा मंद.

तेव्हा मला राग आला होता चष्म्याचा, पण नंतर विचार केल्यावर लक्षात आलं की याहून वेगळं काही होणं शक्यच नव्हतं. फुलावरून येणारा प्रकाश अनेक तरंगलांब्यांचा मिळून असतो, त्यातला मधला भाग काढला की बाकीच्याचं प्रमाण बदलतं. असल्या छोट्या दिव्याचा प्रकाश जवळजवळ एकाच तरंगलांबीचा असतो, त्यात काढून टाकायला मधला भागच नाही, काच लावली की सगळाच कमी होतो, लाल पेशीसाठी जेवढा तेवढाच हिरवीसाठी, गुणोत्तर जिथल्या तिथे. त्यात जुन्या चार्जरवरचे हिरवे दिवे बहुतेक पिवळसर हिरवे, ५६५ नॅनोमीटरच्या आसपासचे, आणि तिथपासून लालपर्यंतच्या पट्ट्यात निळी पेशी जवळपास गप्पच असते. म्हणजे सगळा निकाल त्या दोन पेशींवर, ज्या भावाच्या डोळ्यात जवळपास जुळ्या आहेत.

मग अर्ध्या तासाने उन्हात बाहेर गेलो. रोजच्या रस्त्यावर एक झुडूप आहे, तो त्याच्या पुढे गेला, थांबला, मागे आला आणि म्हणाला, "ताई, यावर एवढी फुलं रोजच असतात?" लाल फुलं, रोजच असतात. जवळ जाऊन बघितली तर त्याला ती आधीही दिसायची, आकारावरून, पण चालता चालता लांबून ती अशी एकदम डोळ्यात भरत नव्हती. रडला वगैरे नाही. मोजत बसला मात्र बराच वेळ. मी रेकॉर्ड केलं नाही.

तुम्ही कुणाला असा चष्मा देणार असाल तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून नेमका प्रकार तपासून घ्या, उन्हात वापरायला सांगा, संध्याकाळी किंवा रात्री गाडी चालवताना अजिबात नको कारण तो प्रकाश कमी करतो, आणि पहिल्या मिनिटाला कॅमेरा समोर धरू नका. काही दिवस घालू द्या, कारण २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भावासारख्या प्रकारच्या लोकांनी हा चष्मा रोज काही तास असा दोन आठवड्यांच्या आसपास वापरला तेव्हा त्यांचा लाल-हिरव्या फरकाला मिळणारा प्रतिसाद वाढला, आणि चष्मा काढल्यावरही वाढलेला दिसला. म्हणजे मेंदू त्या बारीकशा वजाबाकीकडे जास्त लक्ष द्यायला शिकत असावा.

मुळावर उपाय करायचा तर जनुक घालायला लागेल, आणि माकडांमध्ये ते झालंय. २००९ मध्ये अमेरिकेत जन्मतः लाल-हिरवा न ओळखणाऱ्या दोन मोठ्या झालेल्या स्क्विरल माकडांच्या डोळ्यात विषाणूच्या मदतीने माणसाचं लाल रंगद्रव्याचं जनुक सोडलं, साधारण वीस आठवड्यांनी ती आधी न ओळखू येणारे रंग ओळखायला लागली. त्यातल्या एकाचं नाव डाल्टन ठेवलं होतं, दुसऱ्याचं सॅम. माणसांच्या साध्या रंगांधळेपणासाठी हा उपचार अजून आलेला नाही. आणि उलट बाजूही आहे, २००५ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की भावाच्या प्रकारच्या लोकांना खाकीच्या अशा काही छटा वेगळ्या दिसतात ज्या बाकीच्यांना सारख्याच वाटतात. हे आईला सांगितलं तेव्हा तिला केवढा आनंद झाला, कारण आपल्याकडून मुलाला फक्त उणीव गेली असं ती इतकी वर्षं मनात धरून बसली होती.

भाऊ चष्मा रोज नाही घालत, ऊन चांगलं असलं आणि फिरायला निघाला की घालतो. चार्जर मात्र आम्ही बदलला. नवीन चार्जरवर चार्जिंग चालू असताना दिवा लुकलुकतो आणि भरलं की स्थिर होतो, रंग कुठला आहे ते मी अजून नीट बघितलेलं नाही.