बायपासच्या आधी हिमोग्लोबिन बघा, डोनर नंतर शोधा

इंदूरला कुणाची बायपास ठरली की रामबागेपासून सुदामा नगरपर्यंत सगळ्या मराठी ग्रुप्सवर एकच मेसेज फिरतो, बी पॉझिटिव्ह डोनर हवेत. लोक धावतात पण, खूप छान गोष्ट आहे. पण पेशंटचं स्वतःचं हिमोग्लोबिन किती आहे हे त्या मेसेजमधे कधीच नसतं, आणि मला वाटतं सगळ्यात आधी तेच बघायला पाहिजे.

कारण सांगतो. ऑपरेशनमधे हृदय थांबवायचं असेल तर हार्ट-लंग मशीन लावतात, आणि त्या मशीनच्या नळ्या आधी सलाईनसारख्या द्रवाने भरून ठेवाव्या लागतात, साधारण 1 ते दीड लिटर. मशीन सुरू झालं की हे सगळं पेशंटच्या रक्तात मिसळतं. आता 80 किलोच्या काकांच्या अंगात साडेपाच लिटर रक्त, हिमोग्लोबिन 14, तर सव्वा लिटर मिसळूनही ते 11 च्या वर राहतं. पण 45 किलोच्या काकूंच्या अंगात रक्तच जेमतेम 3 लिटर, हिमोग्लोबिन साडेदहा, मग ते थेट साडेसातच्या आसपास येतं, आणि अजून एक थेंबही सांडलेला नाही! साडेसात म्हणजे साधारण बाहेरचं रक्त द्यायची रेषा. 2017 साली ट्रिक्स-3 नावाच्या मोठ्या ट्रायलमधे हार्टचं ऑपरेशन झालेले सुमारे 5000 पेशंट बघितले, साडेसातच्या खाली गेल्यावरच रक्त दिलं तरी निकाल वाईट आले नाहीत. त्याआधी बरेच ठिकाणी 9-10 लाच बाटली लावायचे.

यावर पर्फ्युजनिस्ट, म्हणजे हार्ट-लंग मशीन चालवणारे लोक, एक फार सुंदर गोष्ट करतात. मशीन चालू करायच्या आधी पेशंटचंच रक्त नळीत हळूहळू उलटं येऊ देतात, ते पुढे सरकतं तसं आतलं सलाईन एका पिशवीत निघून जातं, नळी डोळ्यासमोर लाल होत जाते. बीपी पडू शकतं म्हणून भूलतज्ञाची नजर सारखी मॉनिटरवर. पण अर्धा लिटरच्या आसपास पाणी कमी मिसळतं.

सांडलेलं रक्तही वाया घालवत नाहीत, सेल सेव्हर नावाचं मशीन ते ओढून घेतं, गरगर फिरवतं, धुतं आणि लाल पेशी परत देतं. शिवाय ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे औषध असतंच, जपानमधे ओकामोतो दांपत्याने शोधलेलं, झालेली गुठळी लवकर विरघळू नये म्हणून.

पण घरच्यांच्या हातात आहे ते ऑपरेशनच्या आधीचं. तारीख पुढची असेल तर डॉक्टरांना विचारा, हिमोग्लोबिन कमी का आहे, आयर्न गोळीने भागेल की इंजेक्शन लागेल? गोळीला आठवडे लागतात. क्लोपिडोग्रेल (गुठळी होऊ नये म्हणून देतात ती गोळी) चालू असेल तर बहुतेक वेळा 5 दिवस आधी थांबवतात, पण ते डॉक्टरांनीच ठरवायचं, स्टेंट असेल तर आपल्या मनाने बंद करणं जिवावर बेतू शकतं.

आणि रक्तदान थांबवू नका हं. सेल सेव्हरमधे प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशी, धुवून निघून जातात, त्या लागल्या तर बाहेरूनच आणाव्या लागतात आणि ब्लड बँकेत त्या साधारण 5 च दिवस टिकतात.