८५ प्रश्नांवर संगणक थांबला, पुढे काय?

"८५ लाच बंद झालं. पास असेन ना?" नर्सेसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हा मेसेज हमखास येतो. अमेरिकेत नर्सचं लायसन्स मिळवण्यासाठी एनक्लेक्स-आरएन (आरएन म्हणजे नोंदणीकृत नर्स) ही संगणकावरची परीक्षा द्यावी लागते. तिच्यात कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न येतात, आणि मधे कुठे थांबायचं ते संगणक ठरवतो. मुंबईतही तिचं केंद्र असल्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच मुली ती देतात. ग्रुपवर लगेच उत्तरं येतात. एकीचं ८५ ला थांबलं आणि ती पास झाली, दुसरीचंही ८५ लाच थांबलं आणि ती नापास झाली. दोघीही खरंच सांगत असतात.

गोंधळाचं मूळ आपल्या शाळेत आहे. किती बरोबर आले ते मोजायचं आणि तेवढे मार्क द्यायचे, ही आपली सवय. एनक्लेक्समध्ये मार्कच नाहीत. १९९४ पासून ही परीक्षा संगणक उमेदवार बघून घेतो. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न थोडा अवघड, चुकलं की थोडा सोपा. त्यामुळे हुशार मुलगी असो की काठावरची, दोघींचे साधारण निम्मे प्रश्न चुकतात. फरक पडतो तो कोणत्या पातळीवरचे चुकले यात. तेव्हा "माझे खूप चुकले" म्हणून रडण्यात अर्थ नाही.

आता खरी गंमत. गेओर्ग राश या डॅनिश गणितज्ञाने १९६० मध्ये मांडलेल्या पद्धतीत उमेदवाराची कुवत आणि प्रश्नाची काठिण्यपातळी एकाच पट्टीवर मोजतात. एकक लॉजिट. दोन्ही सारखी असली तर उत्तर बरोबर येण्याची शक्यता ५० टक्के. कुवत एका लॉजिटने जास्त असेल तर ७३, दोनने जास्त असेल तर ८८.

मग संगणक ५०-५० वालाच प्रश्न का शोधतो? कोथिंबिरीच्या जुडीसमोर पाच किलोचं वजन ठेवलं तर तागडी एका बाजूला आपटते आणि आपल्याला काहीच नवं कळत नाही. जुडीच्या वजनाच्या आसपासचं माप ठेवलं तरच काही कळतं. गणितात एका प्रश्नातून मिळणारी माहिती म्हणजे बरोबर येण्याची शक्यता गुणिले चुकण्याची शक्यता. ०.५ × ०.५ म्हणजे ०.२५. हमखास येणाऱ्या प्रश्नात ०.९ × ०.१, म्हणजे फक्त ०.०९.

ही माहिती बेरजेने साठत जाते, आणि अंदाजातली चूक म्हणजे एक भागिले त्या बेरजेचं वर्गमूळ. ८५ प्रश्नांपैकी १५ नवे प्रश्न नुसते आजमावून बघण्यासाठी असतात, ते निकालात धरत नाहीत. उरले ७०. ७० × ०.२५ = १७.५, वर्गमूळ सुमारे ४.२, म्हणजे चूक ०.२४ लॉजिट. पूर्ण १५० प्रश्न सोडवले की १३५ धरले जातात आणि चूक ०.१७ वर येते. प्रश्न जवळजवळ दुप्पट, पण चूक निम्मीही होत नाही! (२०२३ पासून आलेल्या केस स्टडीत, म्हणजे एकाच रुग्णावरच्या प्रश्नसंचात, अर्धवट गुणही मिळतात, त्यामुळे प्रत्यक्ष हिशेब याहून किचकट आहे.)

आरएनसाठी पासची रेषा २०१३ पासून ०.०० लॉजिटवर आहे. तुमच्या कुवतीचा अंदाज +०.९ आला तर ०.२४ ची चूक धरूनही तुम्ही रेषेच्या स्पष्ट वर. संगणकाला ९५ टक्के खात्री पटली, तो थांबला. −०.९ आला तरी खात्री तेवढीच, आणि तो तिथेच थांबतो. +०.१ वालीला मात्र तो पुढे प्रश्न देत राहतो. वेळेत १५० झाले तर मग खात्रीचा आग्रह सुटतो. शेवटचा अंदाज रेषेच्या वर असला तर पास, नाहीतर नापास.

एवढं गणित उघड असताना लोक 'पॉप-अप', म्हणजे साइटवर उघडणारा अडवणुकीचा संदेश, का बघतात, देव जाणे. परीक्षेनंतर काही तासांत पुन्हा नोंदणी करायला जायचं आणि साइटने अडवलं तर पेढे वाटायचे! परीक्षा घेणारी संस्था या युक्तीला मान्यता देत नाही. साइटने अडवलं नाही आणि कार्ड चाललं, तर २०० डॉलर गेले. काही राज्यांत कामकाजाच्या दोन दिवसांनी थोडे पैसे भरून अनधिकृत निकाल मिळतो. अधिकृत निकाल राज्याचं नर्सिंग बोर्डच देतं, त्याला सहा आठवडेही लागू शकतात.

नापास झालेल्यांना एक पत्रक मिळतं. त्यात मार्क नसतात, फक्त विषयवार 'रेषेच्या वर', 'जवळ' किंवा 'खाली' असं लिहिलेलं असतं. औषधोपचाराच्या भागात 'जवळ' आलं म्हणून तो सोडून फक्त 'खाली'वाल्यांच्या मागे लागू नका. एखाद्या भागातले धरलेले प्रश्न दहाच असतील, तर वरच्याच सूत्राने चूक निघते ०.६३ लॉजिट. एवढ्या चुकीत 'जवळ'वाली रेषेच्या वरही असू शकते आणि बरीच खालीही. पुन्हा बसण्याआधी किमान ४५ दिवस मिळतात, त्यात दोन्ही प्रकारच्या भागांचा अभ्यास बसतो.